बाण धुराकडं

मागच्या थंडीत फुलंब्रीपलीकडच्या एका वाडीवरून मला फोन आला.

"मिस्तरी, जित्ते हाव का?"

"अजून तरी."

"मंग माझी गाडी बी जिती करा."

आवाज ओळखायला वेळ लागला नाही. हे आबा. मेंढरं राखणाऱ्या घरातले, वयानं माझ्याच जोडीचे, आणि मी गॅरेज टाकलं तेव्हाच्या पहिल्या चार-पाच गिऱ्हाइकांतले एक. त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल दहा-बारा वर्षं गोठ्यात कडब्याआड उभी होती. मुलगा शेंद्र्याला कारखान्यात लागला, घरात नवी गाडी आली, जुनी मागं पडली. आता आबांच्या मनानं घेतलं होतं की एकदा तरी तिच्यावर बसून बाजाराला जायचं. किक मात्र दगडासारखी घट्ट झाली होती, खालीच जात नव्हती.

गुडघ्यांपायी गॅरेज बंद करून मला सहा वर्षं झाली होती. तरी "पाठवून द्या" असं तोंडातून निघून गेलं. टू-स्ट्रोकचा तो फुटका, उतावळा आवाज आणि जळक्या तेलाचा वास फोनवरच कानानाकात भरला. तेवढ्यात आबा म्हणाले, "एक ध्यानात ठिवा. बोअर मारायला त्या जिन्सीच्या बोअरवाल्याकडं नाय द्यायचं. त्यानं एकदा मला मारलंच होतं."

मी "व्हय" म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या बोअरवाल्यानं काहीही केलेलं नव्हतं. जे केलं ते मी केलं होतं आणि बत्तीस वर्षं त्याच्या नावावर खपवलं होतं. ते आज लिहून टाकतो.

मोटारसायकलच्या इंजिनात पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली पळतो त्याला पुस्तकात सिलिंडर म्हणतात, आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉक झिजला की तो आतून कोरून थोडा मोठा करायचा आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. याला बोअर मारणं म्हणतात. पाव मिलिमीटर मोठा केला तर पंचवीस साईज, अर्धा केला तर पन्नास, असं करत शंभरपर्यंत जाता येतं. त्यापुढं ब्लॉक भंगारात. कोरणारा कारागीर वेगळा, बसवणारा मिस्तरी वेगळा. एकाची चूक दुसऱ्यावर ढकलायला त्यामुळं जागा भरपूर.

जिन्सी मोहल्ल्यातले ते कारागीर माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. आम्ही सगळे मिस्तरी त्यांना उस्ताद म्हणायचो. हात असा की ब्लॉकमध्ये बोट फिरवून केसाएवढा फरक सांगायचे. आमचं त्यांच्याशी वाजायचं ते एका शब्दावरून. टू-स्ट्रोकच्या पिस्टनच्या माथ्यावर एक बारीक बाण कोरलेला असतो. पिस्टन कुठल्या बाजूनं बसवायचा ते तो सांगतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी मला शिकवलं होतं, 'बाण म्होरं.' गाडीचं तोंड जिकडं, बाण तिकडं. उस्तादांना हे मान्य नव्हतं. ते म्हणायचे, 'बाण धुराकडं.' म्हणजे धूर ज्या भोकातून बाहेर पडतो त्या बाजूला.

"अहो उस्ताद, धूर म्होरंच निघतो ना? मग हा वळसा कशापायी?"

"तेरा म्होरं तेरे साथ घूमता, मिस्तरी. धुवाँ नै घूमता."

मी हसायचो. चार मिस्तऱ्यांत बसलो की त्यांची नक्कलही करून दाखवायचो.

आबांच्या गाडीचा पहिला बोअर उस्तादांनीच मारला, पंचवीस साईज. आतून आरशासारखा झालेला तो ब्लॉक मला अजून आठवतो. खालची बेअरिंगंही बदलायची होती म्हणून मी इंजिन गाडीतून उतरवून स्टुलावर घेतलं होतं. गाडी गॅरेजच्या दाराकडं तोंड करून उभी होती. जागा अपुरी, म्हणून स्टुलावरचं इंजिन मात्र उलटं, भिंतीकडं तोंड करून. मी मान वर करून गाडीकडं बघितलं, मनात म्हटलं 'बाण म्होरं', आणि बाण दाराकडं करून पिस्टन बसवून टाकला. धूर भिंतीच्या बाजूनं निघणार होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

उलट्या पिस्टनची गाडी सुरू होते, पळतेही. पण पिस्टनवर ज्या रिंगा असतात त्यांना एका जागी फट असते. पिस्टन सुलटा असला तर ती फट ब्लॉकच्या सपाट भिंतीवरून घासत जाते. उलटा असला तर ती नेमकी धुराच्या मोठ्या भोकावर येते, आणि कधी ना कधी रिंगेचं टोक त्या भोकात अडकतं.

तिसऱ्या दिवशी ते चौका घाटात अडकलं. इंजिन गच्च, मागचं चाक जाम, आबा रस्त्यावर. त्यांचं डावं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. त्या वर्षी त्यांना मेंढरांमागं जाता आलं नाही.

मी इंजिन एकट्यानं उघडलं. बाण धुराच्या भोकाकडं न बघता मागं बघत होता. रिंग तुटलेली, ब्लॉकमध्ये उभी चर. गॅरेज टाकून मला पाचच महिने झाले होते. पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळून मी खाम नदीत टाकला आणि आबांना सांगितलं, "बोअर टाईट मारला त्यानं."

उस्ताद स्वतः गॅरेजवर आले. ब्लॉक उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. मग एवढंच म्हणाले, "पिस्टन दिखा."

"तुकडे झाले. फेकला."

ते निघून गेले. मी तिथंच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी तो ब्लॉक गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर खिळ्याला टांगला. येणारा माणूस विचारायचा, हे काय? मी सांगायचो. लोकांना बोललेलं खोटं वाटेल, टांगलेलं वाटत नाही. वर्षभरात निम्मे मिस्तरी बोअरसाठी दुसरीकडं जायला लागले. आबांनी फुलंब्रीच्या बाजारात आपलं वाकडं मनगट दाखवून जे सांगितलं, त्यानं तिकडचं काम संपलं. उस्तादांनी मशीनवर गोणपाट टाकलं आणि चिकलठाण्याला एका कारखान्यात पाळीवर लागले. नऊ वर्षांनी त्यांनी दुकान परत उघडलं, पण मोटारसायकलवाले फारसे फिरकले नाहीत. पाण्याच्या मोटारी, कॉम्प्रेसर, असं कायबाय.

नंतर मी त्यांच्याविषयी बोलणं सोडलं. ब्लॉक मात्र खिळ्यावरून उतरवला नाही. उतरवला असता तर का उतरवला ते सांगावं लागलं असतं.

फोननंतर चौथ्या दिवशी गाडी टेम्पोतून आली. मी शटर वर केलं. हेडचे, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाचे, बोल्ट सैल करून मी प्रत्येकावर दोन थेंब डिझेल सोडलं. सकाळी सुरुवात केली ती जेवणाची हाक तीनदा येऊन गेली तरी मला कळली नाही. शेवटी लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू ठोकत ब्लॉक वर निघाला. आतून गंजानं पोखरलेला. हा मी अपघातानंतर दुसरीकडून आणून बसवलेला ब्लॉक, आणि तो आधीच शंभर साईजला पोचलेला. म्हणजे संपला. नवा ब्लॉक मिळेना. मोंढा नाक्यावरच्या जुन्या दुकानदारानं मला वेड्यात काढलं. म्हणाला, "काका, ती गाडी बंद होऊन जमाना झाला. कुठं टांगलेला असला तर बघा एखादा."

तो सहज बोलला. मी घरी आलो, गॅरेजात स्टुलावर चढलो आणि तो ब्लॉक खिळ्यावरून काढला. पुसला. कापडात बांधला. पंचवीस साईजला थांबलेला ब्लॉक होता तो, अजून तीन मापं शिल्लक असलेला. एकाच वेळी दोन गोष्टी दिसत होत्या: आबांची गाडी जिवंत होऊ शकते, आणि त्यासाठी मला जिन्सीत जावं लागणार. जगात तो ब्लॉक पहिल्या फटक्यात बरोबर कोरेल असा माझ्या ओळखीचा एकच माणूस होता.

दुकान तसंच होतं. उस्ताद सत्याहत्तर वर्षांचे, जाड भिंगाचा चष्मा, मशीनवर वाकलेले. मी कापड सोडून ब्लॉक टेबलावर ठेवला. त्यांनी नुसतं बोट लावलं.

"इसकू तो मैं अंधेरे में बी पहचानूँ."

"उस्ताद, पिस्टन उलटा बसला होता. मी बसवला होता. बोअरमध्ये काही नव्हतं."

त्यांनी हात लांब करून मशीन बंद केली. "फिरसे बोल. मशीन चालू थी."

मी परत सांगितलं. बाहेर दोन मिस्तरी रिक्षाचं इंजिन घेऊन थांबले होते. उस्तादांनी त्यांना आत बोलावलं. "आवो, सुनो. बड़े मिस्तरी कुछ बोल रहे." मला तिसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि या वेळी नदीत टाकलेल्या पिस्टनसकट सांगितलं. ते दोघं एकमेकांकडं बघत राहिले. समोरच्या हॉटेलातून चहा आला. तिघांना दिला, मला नाही.

"मेरेकू उसीच दिन मालूम था," उस्ताद म्हणाले. त्यांनी माझं बोट धरून ब्लॉकच्या आत घातलं. "ही चर बघ कुठून निघाली. धुराच्या भोकाच्या काठावरून. टाईट बोअर चारी बाजूनं पकडतो, एका जागी नांगर नाही घालत. पण पिस्टन हातात नसताना मी हे बोललो असतो, तर लोक काय म्हणाले असते? चोर है, इसलिए बोल रहा."

मी बोट बाहेर काढलं.

"आज कायकू आया? म्हातारपणी सवाब, पुण्य कमवायला?"

"आबांची गाडी आलीय. ते म्हणाले, जिन्सीला देऊ नका."

तेव्हा ते हसले, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "म्हणजे तुझा खिळा अजून पक्का आहे."

मग त्यांनी मापं घेतली. मला वाटलं होतं, ते ब्लॉक रस्त्यावर फेकतील. त्याऐवजी ते पुटपुटायला लागले आणि मी ओळखलं, माणूस कामात शिरला. "पंच्याहत्तरला ही चर निघून गेली असती. तेव्हाच. ब्लॉक मेला नव्हता, तू त्याला फाशी दिलीस. आता गंजानं खाल्लाय, शंभरच लागेल. म्हणजे एकच मौका. चुकला तर भंगार." चष्मा काढून पुसला. "बोअर मी मारतो. बसवायचा तू, माझ्यासमोर. आणि गाडी द्यायला मी येणार."

शंभर साईजचा पिस्टन शोधायला मला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी एका दुकानाच्या माळ्यावरून पिवळा पडलेला खोका खाली आला, आत तेलकट कागदात न वापरलेला पिस्टन, रिंगा, पिन, सगळं. मी तो खोका छातीशी धरून रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, मिठाई का?" मी म्हटलं, "त्याहून गोड."

बोअर मारायला त्यांनी अख्खी सकाळ घेतली. मशीनचं पातं ब्लॉकमध्ये फिरत उतरायचं, काळी भुकटी झडायची, ते थांबवायचे, बोट फिरवायचे, परत चालू. चर हळूहळू पुसट होत गेली. एका फेरीनंतर मला ती दिसेना. "गेली, उस्ताद," मी म्हणालो. "तेरेकू नै दिखती. मेरे बोट कू दिखती." अजून एक बारीक फेरी. मग घासाई, मग धुणं. शेवटी त्यांनी कोरडा पिस्टन वरच्या तोंडाशी धरला आणि सोडला. तो धपकन पडला नाही, अडकलाही नाही. पाण्यात बुडणाऱ्या लोट्यासारखा सावकाश, स्वतःच्या वजनानं, खाली उतरला. त्यांनी तो परत वर घेतला आणि परत सोडला, नुसता बघायला.

बसवायच्या दिवशी ते माझ्या गॅरेजात आले. पहिली नजर भिंतीवर गेली, रिकाम्या खिळ्यावर. मी पक्कड घेऊन तो उपटला. इंजिन स्टुलावर होतं. मी पिस्टन हातात घेतला तशी उस्तादांनी स्टूल अर्धं फिरवलं.

"अब बोल, म्होरं किधर?"

मी दाखवलं. त्यांनी स्टूल परत फिरवलं. "अब?" मग अजून पाव फेरी. "अब?" चौथ्या वेळेला मला हसू फुटलं, पण ते गंभीर होते. मी धुराच्या भोकावर अंगठा ठेवला आणि म्हणालो, "इकडं. स्टूल फिरवा नाहीतर गॅरेज फिरवा."

"बैठाव," ते म्हणाले.

बाण अंगठ्याच्या दिशेला ठेवून मी पिस्टन बसवला. रिंगा बोटांनी दाबून ब्लॉक खाली घेतला. हेड, पॅकिंग, बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे कसत. मग इंजिन गाडीत. पहिली किक, काही नाही. दुसरी, नुसता उसासा. तिसऱ्या किकेला तिनं सगळं गॅरेज निळ्या धुरानं भरून टाकलं आणि बोलायला लागली. उस्तादांनी ब्लॉकवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि वैद्यानं नाडी बघावी तसे उभे राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धूर होता म्हणून बरं.

नवा बोअर असला की गाडी चाळिसाच्या वर न्यायची नसते. आम्ही दोघं म्हातारे, मी पुढं, ते मागं, हर्सूलवरून फुलंब्री रस्त्याला लागलो. सायकलवाला सोडून सगळे आमच्या पुढं गेले. ट्रकवाले हॉर्न मारायचे. मला मात्र चाळीस म्हणजे ऐंशी वाटत होतं. प्रत्येक फटक्यातून आतला पिस्टन मांडीला जाणवत होता, आणि तो बरोबर चालला होता.

चौका घाटाच्या पायथ्याशी माझा डावा हात आपोआप क्लचवर गेला. दोन बोटं क्लचवर ठेवूनच मी चढाला लागलो, कुठल्याही क्षणी चाक जाम होईल म्हणून.

"क्या कर रा?" मागून आवाज आला.

"इथंच पडले होते आबा."

"बाण किधर है?"

"धुराकडं."

"फिर क्लच छोड़."

मी सोडला. अर्ध्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, इंजिन गार करायला. कठड्यावर बसलो. उन्हात खालची शेतं दिसत होती. त्यांनी खिशातून चण्याची पुडी काढली, थोडे मला दिले. "सांगताना मध्ये मी बोलणार नाही," ते म्हणाले. "आणि तू रडायचं नाही. रडलास की ते तुलाच पाणी देतील."

आबा अंगणात शेळ्यांना पाला टाकत होते. गाडीचा आवाज त्यांनी लांबूनच ओळखला होता, चेहरा उजळला होता. मग मागं बसलेला माणूस दिसला आणि हात थांबला.

"मिस्तरी, ह्याला कशापायी आणलं?"

मी गाडी बंद केली नाही. चालू गाडीवरून उतरलो आणि उभ्यानं सगळं सांगितलं. स्टूल, बाण, नदी, खिळा. सांगताना मला त्यांचं मनगट दिसत होतं, पाल्याची फांदी धरलेलं. मग मीच गाडी बंद केली. फार शांत झालं.

आबा जाऊन बाजेवर बसले. हातातली फांदी खाली ठेवून म्हणाले, "म्हंजी बाजारात येवढी वर्सं ह्यास्नी शिव्या दिल्या, त्या कुणाच्या व्हत्या?"

"पत्ता चुकला होता," उस्ताद म्हणाले. न बोलण्याचं त्यांना तेवढ्यापुरतंच जमलं.

आबा हसले नाहीत. मला म्हणाले, "तुमी लई वंगाळ केलं."

"हो."

"माझ्या हाताचं ऱ्हाऊ द्या. हात माझा. पर ह्यांचं नाव मी सोता बुडवलं, तुमच्या सांगण्यावरून. बाजारात आता कोण सांगणार?"

"मी येतो. म्हणाल त्या बाजारी."

"यायचंच. माझ्या शेजारी हुबं ऱ्हाऊन सांगायचं. लोकास्नी दोघं बी दिसतील आसं, मी आन् तुमी."

मी मान हलवली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी काय करायचं ते नेमकं सांगितलं होतं.

आबा उठून घरात गेले. भांड्यांचा आवाज आला, कुणाला तरी चहाचं सांगितलेलं ऐकू आलं. ते बाहेर आले ते पाठीवरचा फवारणीचा पंप घेऊन, लहानसं पेट्रोल इंजिन असतं तो. तो त्यांनी अंगणात ठेवला.

"मिस्तरी, ह्यो दोन महिने झालं बसलाय. जरा बघता का?"

मी पुढं झालो, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकायला लागलो.

"तुमी नाय," आबा म्हणाले. "हे."

उस्तादांनी चष्मा वर सरकवला, बाहीची घडी घातली आणि पंपापाशी मांडी घालून बसले. पंपाच्या दोरीला हात घालून त्यांनी एकदा ओढली, कान लावून ऐकलं आणि माझ्याकडं न बघता हात मागं पसरला. मी गाडीच्या बाजूच्या हत्यारांच्या डब्यातून दहा-अकराचा पाना काढून त्यांच्या हातावर ठेवला.